भिंगाचे दोष आणि त्यांची दुरुस्ती : प्रस्तावना

भिंगाकडून आपली जी अपेक्षा असते ती सांगायला सोपी आणि पाळायला जवळजवळ अशक्य आहे. समोरच्या सृष्टीतील प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश, मग तो भिंगाच्या मध्यातून आलेला असो वा काठावरून, तांबडा असो वा जांभळा, सरळ आलेला असो वा तिरपा, फिल्मच्या किंवा संवेदकाच्या सपाट पृष्ठावर एकाच बिंदूत एकत्र यावा. त्या बिंदूची जागा भूमितीच्या नियमाबरहुकूम ठरावी. आणि त्याचे तेज मूळ वस्तूच्या तेजाच्या प्रमाणात असावे, एवढेच आपले मागणे असते. परंतु गोलाकार पृष्ठाचे साधे भिंग या तीन अटींपैकी एकही पूर्णपणे पाळू शकत नाही, आणि यात घासणाऱ्या कारागिराची कसूर शोधण्यात अर्थ नाही. कारण हे दोष अपवर्तनाच्या नियमातून व गोलाच्या आकारातूनच उद्भवतात आणि अत्यंत निर्मळ, निर्दोष घडवलेल्या काचेतही ते हजर असतात. छायाचित्र संपादनाच्या आज्ञावलीत ‘लेन्स करेक्शन’ या शीर्षकाखाली जी चारदोन बटणे व सरकपट्ट्या दिसतात, त्यांच्यामागे या दोषांशी चाललेल्या सुमारे तीन शतकांच्या झुंजीचा इतिहास उभा आहे. तो ठाऊक नसताना त्या पट्ट्या सरकवणाऱ्याला चित्र बदललेले दिसते, पण काय दुरुस्त झाले व काय गमावले याचा उलगडा होत नाही. तो उलगडा करून देणे हा या पुस्तकाचा उद्देश आहे.

म्युनिकचे गणितज्ञ लुडविग फॉन सायडेल यांनी १८५७ साली एकरंगी प्रकाशातील भिंगदोषांची जी मांडणी केली, ती आजही प्रकाशशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाचा पाया आहे. गोलीय विपथन, कोमा, अबिंदुकता, प्रतिमाक्षेत्राची वक्रता आणि विरूपण असे ते पाच दोष होत. यांत रंगांचे दोन दोष मिळवावे लागतात. निरनिराळ्या रंगांचे किरण भिंगापासून निरनिराळ्या अंतरावर एकवटतात, हा एक. आणि एकाच पातळीवर एकवटले तरी त्यांच्या प्रतिमा आकाराने किंचित लहानमोठ्या होतात, हा दुसरा. शिवाय चित्राच्या कोपऱ्यांकडे प्रकाश कमी पोहोचतो व कडा काळवंडतात, तो प्रकार निराळाच.

या दोषांवरची पहिली मोठी चढाई रंगदोषावर झाली. काचेच्या भिंगातून हा दोष कधीच जाणार नाही अशी न्यूटनची खात्री झाली होती आणि म्हणूनच १६६८ साली त्याने भिंगाऐवजी आरशाची दुर्बीण बनवली. न्यूटनसारख्याच्या शब्दाचा दरारा एवढा, की तो प्रश्न मिटल्यातच जमा झाला. परंतु १७३०च्या सुमारास चेस्टर मूर हॉल या इंग्लिश गृहस्थाने दोन वेगळ्या जातींच्या काचा एकमेकींस जोडून हा दोष बराचसा मारता येतो हे दाखवले, आणि १७५८ साली जॉन डॉलंड याने त्या रचनेचे पेटंट मिळवले. एका काचेने केलेला दोष दुसऱ्या काचेने उलट दिशेने करावयाचा व दोहोंची वजाबाकी होऊ द्यायची, ही युक्ती त्यानंतरच्या सर्व भिंगरचनेचे मूलसूत्र होऊन बसली. आजची आज्ञावलीही तेच करते. तिच्या ठिकाणी दुसरी काच नसून समीकरण आहे, एवढाच काय तो फरक.

छायाचित्रणाचा जन्म १८३९ साली जाहीर झाला तेव्हा उपलब्ध भिंगे इतकी मंद होती की माणसाची तसबीर घ्यावयाची तर त्याला कित्येक मिनिटे निश्चल बसवून ठेवावे लागे. व्हिएन्नातील प्राध्यापक योसेफ पेट्झव्हाल यांनी १८४० मध्ये, ऑस्ट्रियन तोफखान्यातील गणित जाणणाऱ्या शिपायांकडून आकडेमोड करवून घेऊन, कित्येक पटींनी अधिक प्रकाश आत घेणारे भिंग रचले. त्याची प्रतिमा मध्यभागी कमालीची रेखीव व कडेला ढिली पडे. परंतु चेहरा चित्राच्या मध्यभागीच असतो, तेव्हा कडेचा दोष चालवून घेण्यास हरकत नव्हती. पेट्झव्हाल यांनी दोष नाहीसा केला नाही, तो जिथे कमीत कमी सलेल अशा जागी नेऊन ठेवला, आणि माझ्या मते भिंगरचनेतील खरे शहाणपण याच निवडीत आहे. पुढे १८६६ साली डालमायर व श्टाइनहाइल यांनी, एकाने लंडनमध्ये व दुसऱ्याने म्युनिकमध्ये, छिद्राच्या दोन्ही बाजूंना सारखीच भिंगे ठेवून विरूपण जवळजवळ शून्यावर आणले. डेनिस टेलर यांनी १८९३ मध्ये अवघ्या तीन काचांत, आणि त्साइस कंपनीचे पाउल रुडोल्फ यांनी १९०२ मध्ये ‘टेसार’च्या चार काचांत सर्व दोषांचा असा समतोल साधला की त्या रचना पुढे कित्येक दशके कॅमेऱ्यांवर नांदल्या.

मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे दोष पुन्हा का बळावले? याचे कारण झूम भिंगांच्या व आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या रचनेत सापडते. कॅमेऱ्यातील हलत्या आरशाला जागा हवी म्हणून रुंद कोनाच्या भिंगाचा मागचा काचसमूह फिल्मपासून दूर ठेवणे भाग पडले, त्यासाठी पुढे अंतर्वक्र काचांचा समूह आला, आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंची ती उपयुक्त समरूपता मोडली. झूममध्ये तर काचांचे समूह पुढेमागे सरकत असल्याने समरूपता टिकणे शक्यच नव्हते. त्यामुळे एकच झूम भिंग रुंद टोकाला सरळ रेषांना बाहेर फुगवते आणि लांब टोकाला त्याच रेषांना आत खेचते. हे सर्व काचेनेच सुधारावयाचे म्हटले तर काचा वाढतात, वजन वाढते व किंमत वाढते. आणि एक दोष दाबला की दुसरा डोके वर काढतो.

येथे संगणक पुढे आला, पण त्याच्या कामाचे मर्म समजण्यासाठी सायडेलची यादी बाजूला ठेवून दोषांची वेगळी विभागणी करणे मला आवश्यक वाटते, आणि हे सारे पुस्तक त्याच विभागणीवर रचलेले आहे. काही दोष प्रकाशाला चुकीच्या जागी नेऊन टाकतात. काही दोष प्रकाश कमी करतात. आणि काही दोष शेजारशेजारच्या बिंदूंचा प्रकाश एकमेकांत मिसळून टाकतात. पहिल्या प्रकारची भरपाई जवळजवळ पूर्ण होते, दुसऱ्याची होते पण किंमत मोजून, आणि तिसऱ्याची खऱ्या अर्थाने होतच नाही. जमाखर्चाच्या वहीत चुकीच्या खात्यावर चढलेली रक्कम योग्य खात्यावर नेता येते. परंतु दोन खात्यांची रक्कम एकाच बेरजेत गेली आणि तपशील नष्ट झाला, तर कितीही निष्णात फडणीस आणला तरी कोणाचे किती होते ते त्याला अनुमानानेच सांगावे लागते.

पहिल्या वर्गात मुख्य दोष विरूपणाचा. समजा, चित्राची रुंदी ६,००० पिक्सेल आहे आणि भिंग उजव्याडाव्या कडेशी तीन टक्के विरूपण करते. म्हणजे मध्यापासून ३,००० पिक्सेलवर असावयाचा बिंदू प्रत्यक्षात सुमारे ९० पिक्सेल आत येऊन पडतो. बिंदू हरवलेला नाही, सरकलेला आहे. किती सरकला हे केवळ मध्यापासूनच्या अंतरावर अवलंबून असल्याने ते एका छोट्या बहुपदीने सांगता येते, आणि एका भिंगाची विशिष्ट केंद्रांतरावरची सारी वक्रता दोनतीन सहगुणकांत मावते. आज्ञावली हे काम उलट्या बाजूने करते हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे : जुन्या चित्रातला बिंदू उचलून नव्यात ठेवण्याऐवजी ती नव्या, कोऱ्या चित्रातील प्रत्येक पिक्सेलपाशी थांबते, ‘येथे येणारा प्रकाश जुन्या चित्रात कोठे पडला होता’ हे बहुपदीला विचारते, आणि ती जागा दोन पिक्सेलांच्या अधेमध्ये आली तर आजूबाजूच्या पिक्सेलांवरून मधले मूल्य काढते. असे केल्याने नव्या चित्रात एकही भोक राहत नाही.

हे सहगुणक मिळवावयाचे कसे, याचे उत्तर छायाचित्रकारांच्या आधी हवाई छायाचित्रांवरून नकाशे करणाऱ्यांनी शोधले. कॉन्रेडी यांनी १९१९ साली केंद्रभ्रष्ट काचांचे गणित मांडले होते. त्या पायावर अमेरिकेतील ड्युएन ब्राउन यांनी १९६६ व १९७१ साली विरूपणाचे जे सूत्र व जी मोजणीपद्धती सिद्ध केली, तीच आज ब्राउन-कॉन्रेडी या जोडनावाने सर्वत्र चालते. ब्राउन यांची पद्धती आपल्या गवंड्यालाही चटकन समजेल. त्यांनी वजने बांधून ओळंब्यासारखे दोरे सोडले आणि त्यांची छायाचित्रे घेतली. ताणलेला दोरा सरळ असतो याविषयी वाद नाही; म्हणून चित्रात त्याला जो बाक दिसेल तो सर्वस्वी भिंगाचा, आणि तो बाक जाऊन दोरा सरळ होईल असे सहगुणक म्हणजेच त्या भिंगाची कैफियत. सर्वसामान्य छायाचित्रकारापर्यंत हे गणित पोहोचवण्यात जर्मनीतील फुर्टवांगेन येथील प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी १९९८ च्या सुमारास ‘पॅनोरमा टूल्स’ ही आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. अनेक चित्रे जोडून एक विशाल चित्र करावयाचे तर कडा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत आणि विरूपण गेल्याशिवाय त्या जुळत नाहीत, ही त्यामागची निकड होती. ‘पॅनोरमा टूल्स’च्या सूत्राचे तीन सहगुणक ‘हगिन’मध्ये व ‘लेन्सफन’ या मुक्त भिंगसंग्रहात आजही त्याच स्वरूपात आढळतात, आणि ‘डार्कटेबल’ किंवा ‘रॉथेरपी’ वापरणारा वाचक नकळत त्यांच्यावरच विसंबलेला असतो. अडोबीने फोटोशॉप व लाइटरूममध्ये भिंगवार प्रोफाइले २०१० साली आणली, त्यांच्याही मुळाशी ब्राउन यांच्याच जातीची समीकरणे आहेत.

या वर्गातला दुसरा दोष कडेच्या रंगीत किनारीचा. भर दुपारी आकाशासमोर उभ्या असलेल्या पर्णहीन झाडाचे चित्र घ्यावे व कोपऱ्यातली एखादी काटकी चौपट मोठी करून पाहावी. काटकीच्या एका बाजूला तांबूस व दुसऱ्या बाजूला निळसर-हिरवी अशी बारीक किनार दिसते, आणि चित्राच्या मध्याकडे यावे तसतशी ती अरुंद होत होत नाहीशी होते. याचा अर्थ असा की तांबड्या थराची प्रतिमा हिरव्या थराच्या प्रतिमेपेक्षा अंशमात्र मोठी पडली आहे. मध्यापासून ३,००० पिक्सेलवर दोन पिक्सेलांची किनार दिसत असेल तर हा फरक हजारात एक अंशाहूनही कमी भरतो. तेवढ्या प्रमाणात तांबडा थर आवळला की किनार जाते व काटकी काटकीच्या रंगाची होते. या साऱ्या शास्त्रात इतक्या अल्प खर्चात इतका स्वच्छ लाभ दुसरीकडे क्वचितच मिळतो. मात्र तीव्र उजेडाच्या कडेला, चित्राच्या अगदी मध्यावरसुद्धा, जे जांभळट वलय दिसते ते याच्या जातीचे नव्हे. तेथे एक रंग मुळात एकवटलेलाच नसतो. आज्ञावली त्या जागेचा जांभळा रंग फिका करते, म्हणजे दोषावर पांघरूण घालते, आणि शेजारी खरोखरीचे जांभळे फूल असेल तर त्याचाही रंग उतरवते.

दुसऱ्या वर्गात काळवंडलेल्या कडा येतात. तिरप्या येणाऱ्या किरणाचा उजेड त्याच्या कोनाच्या कोज्येच्या चतुर्थ घाताने घटतो, असा साध्या भिंगाचा नियम आहे. ३० अंशांवर तो सुमारे ५६ टक्के उरतो आणि ४५ अंशांवर अवघा एकचतुर्थांश. भिंगाच्या नळीच्या कडांनी अडवलेला प्रकाश याहून वेगळा. तो छिद्र दोन पायऱ्या लहान करताच बहुधा आटोक्यात येतो. आज्ञावलीला कोपऱ्यातील मूल्यांना चाराने गुणणे अवघड नाही. परंतु जेथे चौथा हिस्साच प्रकाश पोहोचला तेथे प्रकाशकणांची स्वाभाविक अनिश्चितता प्रमाणाने दुप्पट असते, आणि गुणाकाराने प्रकाशाबरोबर तीही वाढते. कोपरा उजळतो, पण दाणेदार होतो. अंधाऱ्या गाभाऱ्यात उच्च आयएसओवर घेतलेल्या चित्रात ही किंमत डोळ्यांत भरते. तेव्हा कडा पूर्ण उजळाव्यात की अर्ध्यावर थांबावे, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. माझा स्वतःचा कल, दस्तऐवजी चित्र असेल तर पूर्ण उजळावे, आणि माणसाची तसबीर असेल तर कोपऱ्यांना थोडे अंधारातच राहू द्यावे, असा आहे.

तिसऱ्या वर्गाचा सर्वांत मोठा दाखला भिंगाचा नसून आरशाचा आहे, पण दोष तोच. एप्रिल १९९० मध्ये अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने अधिक सपाट घासला गेला होता. ज्या उपकरणाने त्याची तपासणी झाली त्यातीलच एक अंतर १.३ मिलिमीटरने चुकले होते. परिणामी तीव्र गोलीय विपथन उत्पन्न झाले आणि ताऱ्याच्या प्रकाशाचा जो सुमारे ७० टक्के भाग एका सूक्ष्म बिंदूत यावयाचा, त्याऐवजी जेमतेम १५ टक्के प्रकाश तेथे येऊन बाकीचा भोवती पसरला. दुरुस्ती होईपर्यंतच्या तीन वर्षांत खगोलशास्त्रज्ञांनी संगणकाचा आश्रय घेतला. एका बिंदूचा प्रकाश कसा पसरतो हे ठाऊक होते, म्हणून तो पसारा उलट गणिताने आवरण्याची, रिचर्डसन व ल्यूसी यांनी १९७० च्या दशकात स्वतंत्रपणे शोधलेली पद्धती त्यांनी वापरली. तेजस्वी ग्रहतारे त्यामुळे पुष्कळ रेखीव झाले. परंतु अंधुक वस्तूंचा पसरलेला प्रकाश पार्श्वभूमीच्या कोलाहलात बुडालेला होता आणि तो कोणत्याही गणिताला वर काढता आला नाही. अखेर डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुर्बिणीत दुरुस्तीची प्रकाशयंत्रणा नेऊन बसवली. जगातील उत्तमोत्तम गणिती व अमाप निधी हाताशी असताना जे साधले नाही, ते आपल्या चित्राच्या कोपऱ्यातील कोमा ‘शार्पन’ची पट्टी सरकवून साधेल अशी आशा धरू नये.

दुरुस्त्यांचा क्रमही मनास येईल तसा ठेवून चालत नाही. कडांचा उजेड भरून काढावयाचा तो कच्च्या आकड्यांवर, म्हणजे चित्राला डोळ्यांजोगा उजळपणा देण्यापूर्वी आणि त्याची काटछाट करण्यापूर्वी. कारण त्या गणिताला प्रकाशाचे सरळ प्रमाण व चित्राचा खरा मध्य, दोन्ही लागतात. विरूपण, रंगांचे थर व तिरपेपणा यांची दुरुस्ती शक्यतो एकाच फेरीत करावी. कारण मधले मूल्य काढण्याच्या प्रत्येक फेरीत बारीक तपशील थोडा झिजतो.

भिंगाच्या माथी फुकट मारला जाणारा एक आरोप येथे दूर केला पाहिजे. खालून वर पाहून काढलेल्या चित्रात देवळाचे शिखर मागे कललेले दिसते, आणि रुंद कोनाच्या चित्रात कडेला उभ्या असलेल्या नातलगाचा चेहरा लांबट होतो. यांपैकी पहिली गोष्ट कॅमेरा तिरपा धरल्याची, आणि दुसरी सरळ रेषा सरळ राखणाऱ्या प्रक्षेपाची अपरिहार्य फलश्रुती. मध्यापासून ४५ अंशांवरचा चेहरा अशा प्रक्षेपात सुमारे १.४ पट ताणला जातोच. भिंग जितके निर्दोष तितका हा ताण काटेकोर. किंबहुना विरूपण काढून टाकताच कडेचे चेहरे अधिक ताणलेले दिसू लागतात, म्हणून समूहचित्रात ती दुरुस्ती अर्धीमुर्धी करण्याची मुभा मी पुढे दिलेली आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या क्षेत्रात मोठा पालट झाला आहे. २००८ साली आलेल्या मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीपासून भिंगकर्त्यांनी विरूपणाचा काही भार जाणूनबुजून गणितावर सोपवला. दुरुस्तीचे आकडे भिंग स्वतःच कॅमेऱ्याला कळवते व ते कच्च्या फाइलीत नोंदले जातात. कित्येकांना ही लबाडी वाटते. मला ती पेट्झव्हाल यांच्याच निवडीची पुढची पायरी वाटते : जो दोष गणिताने जवळजवळ पूर्ण जातो तो काचेने कशाला काढावा? काचेचे सामर्थ्य मिसळणाऱ्या दोषांवर खर्च व्हावे हेच योग्य. माझी तक्रार एवढीच आहे की ही दुरुस्ती पुष्कळदा वापरणाऱ्याला न कळवता होते. ताणलेल्या कोपऱ्यांची रेखीवता किती उतरली, चौकटीच्या कडेचा किती भाग कापला गेला, हे जाणण्याचा त्याला हक्क आहे.

हा आग्रह आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तेव्हापासून आपली लेणी, मंदिरे, वाडे व किल्ले यांची छायाचित्रे निघत आली आहेत आणि त्यांचा उपयोग पुरावा म्हणून होतो. जुन्या काचपट्टीचे भिंग कोणते होते याचा दाखला बहुधा नसतो. मग दुरुस्ती करणारा चित्रातल्याच एखाद्या तुळईकडे पाहून ती सरळ होईपर्यंत पट्टी सरकवतो. परंतु दोन शतके माडीचा भार वाहिलेली तुळई खरोखरच मध्ये खचलेली असेल तर? भिंगाचा दोष म्हणून त्याने जे पुसले ते त्या वास्तूच्या प्रकृतीचे निदान होते. मोडी दप्तरांच्या चित्रणातही तोच धोका आहे. कागदाची सुरकुती व भिंगाचा बाक वेगळे ओळखता आले नाहीत तर सरळ झालेली ओळ कोणाची, हे पुढच्या अभ्यासकाला कळणार नाही. म्हणून अशा चित्रांबाबत मूळ फाइल न बदलता जपावी, आणि केलेल्या फेरफारांचे आकडे तिच्यासोबत लिहून ठेवावेत, असा शिरस्ता या पुस्तकात सर्वत्र पाळलेला आहे.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. आज्ञावलीत मिळणारे प्रोफाइल त्या जातीच्या एखाददुसऱ्या नगावर मोजून केलेले असते, आणि वाचकाच्या हातातला नग त्याच्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही. एखादी काच केसभर बाजूला बसलेली असली की एका अंगाचे कोपरे दुसऱ्या अंगापेक्षा ढिले पडतात, आणि सर्व बाजूंना सारखेच वागवणाऱ्या समीकरणाला त्यावर इलाज नाही. म्हणून पहिले प्रकरण हाती घेण्यापूर्वी वाचकाने आपल्या भिंगाची स्वतः परीक्षा करावी. विटांच्या सपाट भिंतीसमोर कॅमेरा तिपाईवर काटकोनात उभा करून, झूमच्या दोन्ही टोकांना व मध्ये कोठे तरी, छिद्र पूर्ण उघडे ठेवून आणि मग दोन पायऱ्या लहान करून चित्रे घ्यावीत, कॅमेऱ्यातील दुरुस्ती बंद करून ती कच्च्या स्वरूपात साठवावीत, आणि चारही कोपरे एकमेकांशी ताडून पाहावेत. पुढील प्रकरणांतील उदाहरणे माझ्या भिंगांवरची आहेत. वाचकाने प्रत्येक ठिकाणी आपले आकडे घालावेत.